गुरुजींचं धोतर आणि आमची साडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

शिक्षकांच्या पोशाखावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला जीन्सवर आलेले मास्तर पाहून तुम्हाला लाज वाटली. जुने गुरुजी पांढऱ्याशुभ्र धोतरात यायचे, म्हणून गाव त्यांना मान द्यायचं. वकील-पोलिसांना ठरलेला पोशाख चालतो, मग शिक्षकांनाच का टोचतो? आणि शासनानं साडी ठरवून दिलीच आहे, तर कुरकुर कशाला? तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून नीट उत्तर देते.

आधी शेवटचं. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयात साडीची सक्ती नाही. महिलांना साडी चालते, सलवार किंवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टाही चालतो. पुरुषांना फिकट शर्ट, गडद पँट, शर्ट इन केलेला. जीन्स-टीशर्ट कोणालाच नाही. पण गावानंही तुमच्यासारखंच ‘साडी’ तेवढं ऐकलं. कुर्ता घालून गेलं की फाटकापाशीच विचारणा होते, “मॅडम, आज साडी काऊन नाही नेसली?” माझ्या सोबतच्या सरांना त्यांच्या चपलेबद्दल आजवर कोणी हटकलेलं नाही.

आमच्या शाळेपर्यंत डांबर नाही. जुलै-ऑगस्टात काळी माती अशी चिकटते की स्कूटीचं चाक मडगार्डमध्ये अडकून बसतं. मग काडीनं चिखल उकरायचा, निऱ्या एका हातात धरायच्या, दुसऱ्या हातानं गाडी ढकलायची. शाळेत पोचेपर्यंत फॉल लदबदलेला असतो, पुढे दिवसभर तो वाळत जातो आणि पोटऱ्यांना घासतो. पहिलीच्या पोरांसोबत ताटपट्टीवर बसायचं, कोणाला उचलून मोरीवर न्यायचं, खिचडी चाखून पाहायची. पदराला किती पिना लावणार? कुर्त्यात हे सगळं सरळ होतं. नीटनेटकं राहावं यावर आपलं दुमत नाहीच. फाटक्या गुडघ्यांची जीन्स वर्गात नको, हे मलाही मान्य.

गुरुजींचं म्हणाल, तर तेव्हा पाटलापासून सालदारापर्यंत अख्खं गावच धोतर नेसायचं. गुरुजींचं तेवढं धुतलेलं असायचं, हा फरक. आपल्या उन्हाला सोसणारं, सुती, सैल, गावाच्याच अंगावरचं कापड होतं ते. आज गावातली पोरं जीन्समध्ये, पोरी कुर्त्यात. गुरुजींचाच कित्ता गिरवायचा तर गावात चालतं तेच धुऊन, इस्त्री करून घालावं, असं निघतं. (धोतर नेसून कोणी आलंच तर ते शासन निर्णयात बसेल का, हेही एकदा पाहायला हवं.)

आता वकील. काळा कोट त्यांच्या पोशाखात आहे, पण सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी कोर्टांत उन्हाळ्यात त्याची सक्ती नाही. बार कौन्सिलच्या नियमातच तशी सूट आहे. म्हणजे ऊन असतं हे वकिलांच्या नियमाला माहीत आहे. एप्रिलमध्ये चंद्रपूर-अकोल्याचा पारा 43-44 ला टेकतो, सकाळची शाळा सुटून घरी निघताना गडद पँटवाले सर घामानं निथळत असतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेवढं भान वेळापत्रकाला आहे. कपड्यांच्या नियमाला का नसावं?

त्याच शासन निर्णयातलं, नावाआधी डॉक्टरांसारखं ‘टी’ (म्हणजे टीचर) लावण्याचं तुम्हाला कौतुक वाटलं. लावू की. गावात मी ‘बाई’ आहे, ‘बाई’च राहणार.

तेव्हा माझी मागणी एवढीच. मार्च-एप्रिलात आणि पावसाळ्यात काय घालायचं ते मुख्याध्यापकांवर सोडावं, आणि कुर्त्याची मुभा आहे हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा मोठ्यानं वाचून दाखवावं. तुमचा शब्द गावात चालतो, वाचून तुम्हीच दाखवलंत तर फार बरं होईल. ज्यांना साडी आवडते त्यांनी खुशाल नेसावी. 26 जानेवारीला मीही नेसते. तेव्हा रस्ता कोरडा असतो.