हप्ता कुणाच्या खात्यातून गेला?

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. घटस्फोटाची बोलणी चाललीत आणि घोडं अडलंय फ्लॅटपाशी. नवऱ्याने तो लग्नाच्या दोन वर्षं आधी बुक केला, इंडेक्स टूवर (खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) नाव एकट्याचं. कर्ज मात्र लग्नानंतर चौदा वर्षं फिटत होतं. हप्ता त्याच्या खात्यातून. वाणसामान, मुलीची फी, सासऱ्यांची औषधं हिच्या पगारातून. "तुमचा पैसा घरात कुठे दिसतच नाही," असं हिचाच वकील म्हणाला.

तो चुकला नाही. आपल्याकडे घर ज्याच्या नावावर, त्याचं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या चीजवस्तूंपुरतं. बाकीचं पोटगीत बसवायचं. तरी 'बायको अर्धं घर घेऊन जाते' ही बोंब मोबाईलवर रोज ऐकू येते. पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढे बारगळलं. गोव्याचं तेवढं निराळं: वेगळा करार नसेल तर तिथे लग्नाआधीची मालमत्ताही सामाईक.

मी राहतो त्या कॅनडातल्या ओंटारियोत दुसरंच टोक. लग्नाआधीची बचत, शेअर्स वाटपाच्या हिशोबातून वजा होतात, पण विभक्त होताना ज्या घरात संसार चालू होता ते होत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने लग्नाआधी पदरचे दोन लाख डॉलर घालून घर घेतलं होतं. सहा वर्षांत संसार मोडला आणि तेही वाटपात आलं. गंमत म्हणजे तेच घर मध्येच विकून दुसरं घेतलं असतं, तर पहिल्याची लग्नाच्या दिवशीची किंमत त्याला वजा मिळाली असती. हा न्याय की लपंडाव? आणि लग्न न करता वीस वर्षं एकत्र राहिलेल्यांना हे वाटप लागूच नाही.

मला पटतो तो कॅलिफोर्नियातल्या न्यायालयांनी 1980च्या आसपास घालून दिलेला हिशोब. घर मूळ मालकाचंच. आईवडिलांनी पीएफ मोडून भरलेलं डाऊन पेमेंट (आपल्याकडची खरी धास्ती हीच) त्याच्याच बाजूला. पण लग्नानंतरची कमाई दोघांची मानतात. त्यामुळे त्या कमाईतून जेवढं मुद्दल फिटलं, त्या प्रमाणात घराच्या वाढलेल्या किमतीतही दोघांचा वाटा. हप्ता कुणाच्या खात्यातून गेला, हे विचारायची गरजच उरत नाही. यातही एक खोच आहे: व्याज धरत नाहीत. सुरुवातीची वर्षं हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो, म्हणजे लवकर मोडलेल्या संसारात हाती फारसं लागत नाही. मला तेही रास्त वाटतं. चौदा वर्षं आणि चौदा महिने एकाच मापाने का मोजायचे?

बहिणीला हे सांगितलं. "आपल्याकडे चालत नाही ना पण?" तिने विचारलं. नाही चालत. तरी तिने फीच्या पावत्या, औषधांची बिलं, पासबुकं एका कापडी पिशवीत भरून वकिलाकडे नेऊन दिलीत. त्याने पिशवी अजून उघडलेली नाही.