डबा रिकामा जाऊ नये

कोल्हापुरात तोंडाने आभार मानणे हा समोरच्याचा अपमान असतो, ही गोष्ट मला निवृत्तीनंतर आमच्या परसातल्या आंब्याने शिकवली. त्याआधीची बत्तीस वर्षे मी हिशेबाच्या टेबलावर काढली होती आणि तिथे पत्राच्या शेवटी ‘आपले आभारी आहोत’ एवढे लिहिले की प्रकरण मिटत असे. मंगळवार पेठेत ते मिटत नाही. तिथून ते सुरू होते. तालमीतल्या माझ्या जुन्या मित्राने एकदा माझी बंद पडलेली स्कूटर रंकाळ्यापासून घरापर्यंत ढकलत आणली आणि माझ्या तोंडून नकळत ‘थँक्यू’ निघून गेले. त्याने हँडलवरचे हात काढून घेतले, दोन पावले मागे सरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “का रं भावा, परका झालो व्हय मी?” स्कूटर माझ्या पायावर पडली.

तेव्हा इथे कृतज्ञता व्यक्त करायची ती डब्याने. कोणी काही पाठवले तर त्याचा डबा रिकामा परत जाता कामा नये, एवढा एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यावी असे शास्त्र सांगते. पण उन्हाळ्यात, परसात झाड असताना, साखर घालून डबा परत करणे म्हणजे दिवाळे निघाल्याची दवंडी पिटण्यासारखे आहे.

आमचा आंबा रायवळ. कोणीतरी चोखून फेकलेल्या कोयीतून उगवलेला, त्यामुळे कलमी हापूससारखा त्याचा कुलवृत्तांत कोणाला ठाऊक नाही. कोयीपासून आलेल्या प्रत्येक झाडाचे फळ वेगळे निपजते, म्हणून जुन्या लोकांनी रायवळ झाडांना चवीवरून, रंगावरून नावे ठेवली: साखरेसारखा तो साखऱ्या, खोबऱ्यासारखा तो खोबऱ्या, शेंदरी रंगाचा तो शेंदऱ्या. आमच्या वाट्याला शेप्या आला. त्याचा रस गोड आहे, धागेही फारसे नाहीत, परंतु घास गिळल्यानंतर क्षणभराने जिभेच्या मागच्या बाजूने शेपूची जुडी आल्याचा भास होतो. ज्यांना शेपू आवडतो त्यांना आंब्यात तो नको असतो, आणि ज्यांना आवडत नाही त्यांच्याविषयी काही बोलायलाच नको. शिवाय रायवळाच्या रिवाजाप्रमाणे झाड एका वर्षाआड लगडते. यंदा लगडण्याचे वर्ष होते.

जोतिबाची चैत्र यात्रा झाली, दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ निघाला आणि सगळे कोल्हापूर वळवाची वाट पाहू लागले. दिवसभर तापलेल्या एका संध्याकाळी तो आला. आधी धुळीचा लोट, मग पत्र्यांचा खडखडाट, मग टपोरे थेंब, आणि या सगळ्यावर कडी करणारा धप्‌ धप्‌ असा आवाज. शहरातील इतर माणसे त्या वेळी खिडकीत उभी राहून मातीचा वास घेत असावीत. मी डोक्यावर परात धरून परसात कैऱ्या वेचत होतो. जुन्या सवयीने मोजल्या, त्या 214 भरल्या. पडलेल्या कैरीची गोष्ट अशी असते की ती बाहेरून धडधाकट दिसली तरी आतून मार लागलेली असते. तिला पिकण्यासाठी आढीत घालता येत नाही, कारण दोन-तीन दिवसांत मार लागलेली जागा काळी पडते आणि ती सोबतिणींनाही घेऊन बुडते. म्हणजे हातात वेळ दोन दिवस.

आमच्या घरात पन्हे झाले, तक्कू झाला, मेथांबा झाला, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी डाळ झाली, लोणच्यासाठी आईने फोडी करवून घेतल्या, तरीही बादल्या भरलेल्याच. आईने पलंगावरून फर्मान काढले की उद्याच्या उद्या वाटून टाक. मी गल्लीत अठरा घरी कैऱ्या पोहोचवल्या आणि मोकळा झालो, अशी माझी समजूत झाली. ती संध्याकाळपर्यंत टिकली.

पहिल्यांदा समोरच्या काकू आल्या, शेवग्याच्या शेंगांची मोळी घेऊन. कैऱ्यांचा हंगाम हाच शेवग्याचाही हंगाम असतो, हे मी विसरलो होतो. त्यांच्यामागून कोपऱ्यावरच्या वहिनी शेंगा घेऊन आल्या, त्यांच्यामागून आणखी दोघी, आणि रात्री नऊ वाजता तालमीतला मित्र सायकलला शेंगा बांधून आला, तेव्हा लांबून तो भाला घेऊन स्वारीवर निघाल्यासारखा दिसत होता. पुढचे नऊ दिवस आम्ही शेंगांची आमटी खाल्ली. दहाव्या दिवशी बायकोने शेंगांचे पिठले केले आणि आमटी नाही याचा आनंद मानायला मला सांगितले.

मी एक वही केली. डावीकडे ‘देणे’, उजवीकडे ‘येणे’. बत्तीस वर्षांच्या अनुभवावर मला खात्री होती की आठवडाभरात दोन्ही बाजू जुळवून खाते बंद करता येईल. पण शेंगांच्या पिशव्या परत करायच्या होत्या, त्या रिकाम्या कशा द्यायच्या, म्हणून त्यांत आमच्या झाडाची लिंबे गेली. लिंबांवरून एका घरून कांदा-लसूण चटणीचा डबा आला. चटणीची योग्यता काय सांगावी! संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला, भाजलेले खोबरे, तळलेला कांदा आणि डंकावर आपला नंबर लागेपर्यंत पदर नाकाला लावून बसलेली बाई, एवढे सगळे त्या डब्यात असते. सहा लिंबांवर चटणी! वहीत ही नोंद कोणत्या भावाने करायची याचा विचार करत मी रात्री बारापर्यंत जागा होतो. बायकोने वही बंद केली आणि म्हणाली, “आपलं येणं राहिलं तर चालतंय, देणं राहिलं की झोप लागत नाही. झोपा आता, सकाळी बघू.” तिला पाच मिनिटांत झोप लागली. देणे माझ्या नावावर होते.

मे महिना अर्धा संपला आणि झाडावर उरलेल्या आंब्यांना पाड लागला. पुण्याहून मुलगी, जावई आणि दोन नातवंडे आली. जावई झाडावर चढले, मी खालून झेला सरकवून दिला, आणि देठ ठेवून तोडा, चीक उडेल, असे मी ओरडत असतानाच तो त्यांच्या मनगटावर उडाला. खालच्या खोलीत भाताचे पिंजर पसरून मी आढी घातली. आढीविषयी माझे एक मत आहे: ती पाहुण्यांसारखी असते. पहिले दहा दिवस काही हालचाल नसते, रोज पिंजर बाजूला सारून पाहावे तर सगळे आंबे हिरवेगार आणि मख्ख. मग एखादा पिकतो, पिकलेल्या फळातून निघणारा वायू शेजारच्यांना पिकवतो, आणि बघता बघता सगळे एकाच दिवशी तयार होऊन दारात उभे राहतात. दीडशे आंबे, खायची मुदत तीन दिवस, आणि सगळ्या घराला शेपूच्या मळ्यासारखा वास.

अशा वेळी तालमीतल्या मित्राने आईस्क्रीमचा पॉट काढण्याची सूचना केली. तो लाकडी पॉट त्याच्या घरी माळ्यावर होता. सकाळी मी गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन डोळ्यांदेखत पिळलेले म्हशीचे दूध आणले, ते बायकोने निम्मे होईपर्यंत आटवले, आणि संध्याकाळी सगळी मंडळी गच्चीवर जमली. बर्फात खडे मीठ घातले की बर्फाचे पाणी शून्याच्याही खाली जाते आणि म्हणूनच आतले दूध गोठते, हे मी नातवाला समजावून सांगत होतो, तेवढ्यात मित्राने मीठ जास्त पडले, कमी पडले, पुन्हा जास्त पडले अशा तीन घोषणा केल्या. पॉट फिरवायचे काम पाळीपाळीने होते. प्रथम जावई, मग मित्र, मग समोरचे काका, ज्यांना डॉक्टरांनी जड काम करू नका असे बजावले होते आणि ज्यांनी नेमका त्यासाठीच आग्रह धरला. दोन्ही नातवंडे पॉट हलू नये म्हणून पोत्यावर बसली होती. आई खुर्चीवर बसून प्रत्येकाच्या मनगटाची तुलना आमच्या दिवंगत वडिलांच्या मनगटाशी करत होती आणि कोणीही उत्तीर्ण होत नव्हते. तासाभराने दांडा फिरेनासा झाला. झाकण उघडले. रंग तर असा आला होता की पाहत राहावे. वाट्या भरल्या, सगळ्यांनी चमचा तोंडात घातला आणि गच्चीवर शांतता पसरली.

“आजोबा,” नातू म्हणाला, “यात भाजी आहे.”

कोणी हसायचे नाही असे बहुधा सगळ्यांनीच ठरवले होते, पण काकांना ठसका लागून निश्चय मोडला, आणि मग जे हसू सुटले ते पॉट रिकामा होईपर्यंत थांबले नाही. पॉट रिकामा झाला, हे मी मुद्दाम नमूद करतो. मित्राने तीन वाट्या खाल्ल्या. मला त्याला काहीतरी म्हणायचे होते, दूध, बर्फ, पॉट, स्कूटर, असे बरेच काही साचले होते. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “म्हण बघू एकदा. पॉट टाळक्यात घालतो.”

राहिलेले आंबे मी पुन्हा वाटले. त्यावर आजऱ्याकडच्या एका स्नेह्यांकडून भलाथोरला फणस आला. तो कापताना हाताला किती तेल लावले आणि चीक तरीही कुठे कुठे लागला, हे इथे लिहिण्यासारखे नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नातवंडे परत गेली, झाड रिकामे झाले, आणि मी वही माळ्यावर टाकली. दुसऱ्याच दिवशी मागच्या गल्लीतून एक मुलगी स्टीलचा डबा घेऊन आली. “आईनं गुळांबा दिलाय,” एवढे सांगून ती पळाली. त्या घराशी आमचे देणे-घेणे कधीच नव्हते; काकूंच्या नणंदेची जाऊ तिथे राहते, एवढेच आईला ठाऊक होते. डबा उघडला. कोल्हापुरी गुळाचा तो गडद, तकतकीत रंग, वर वेलदोड्याची पूड, आणि तिच्याखालून हळूच वर येणारा शेपू.

आईने बोट बुडवून चाखले. “छान जमलाय,” ती म्हणाली, “पण आंबा शेप्या दिसतोय. आपल्यासारखंच झाड असणार बिचाऱ्यांच्या दारात.”

मी काही बोललो नाही. डबा धुतला, पुसला, उलटा करून पाहिला, तर तळाशी काकूंचे नाव कोरलेले होते. आता तो मागच्या गल्लीत परत करायचा की काकूंकडे, हे आईला विचारले. तिने सांगितले, दोघींकडेही जा, आणि जाताना फ्रीजमधले फणसाचे गरे घेऊन जा.