चार्टर शाळा आणि विशेष शिक्षण : एक खुलासा

‘अमेरिकेतील चार्टर शाळा खासगी असल्याने त्यांना विशेष गरजा असलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येतो,’ असा मजकूर तेथील मराठी पालकांमध्ये सध्या फिरत आहे. विशेष शिक्षणाची शिक्षिका म्हणून मी स्पष्ट करते की, तो चुकीचा आहे. चार्टर शाळा स्वतंत्र मंडळ चालवत असले, तरी त्या सरकारी पैशावर चालणाऱ्या, विनाशुल्क सार्वजनिक शाळाच असून, 1975 च्या कायद्यातून पुढे आलेला ‘आयडिया’ हा दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा त्यांनाही तितकाच लागू आहे. मुलाच्या आयईपीमध्ये, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, आठवड्याला साठ मिनिटे वाचा-उपचार लिहिले असतील, तर त्याच राज्यात शाळा बदलल्यावर नवा आराखडा ठरेपर्यंत तेवढ्याच तोडीची सेवा नव्या शाळेला द्यावीच लागते.

तरीही हा समज हवेतून आलेला नाही. 2009-10 मध्ये सर्वसाधारण सार्वजनिक शाळांत विशेष गरजा असलेली मुले सुमारे 11 टक्के, तर चार्टर शाळांत 8 टक्के होती. ‘आमची शाळा तुमच्या मुलाला मानवणार नाही’ असे गोड शब्दांत सुचवले गेल्याचे पालक सांगतात. माझ्या मते उघड नकारापेक्षा हेच अधिक घातक, कारण त्याचा कागद मागे राहत नाही. अशा वेळी नकार लेखी मागावा. न्यू जर्सीत तर आराखड्यानुसार खासगी विशेष शाळेची गरज ठरल्यास तो खर्च मूल राहते तिथल्या शालेय जिल्ह्याकडे, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे जातो. त्यामुळे ‘आम्हाला परवडत नाही’ ही सबब तिथे टिकत नाही.