शिबिरात बाटल्या विकू नका, चार गोष्टी शिकवा

दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसलेय. लांब होईल.

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत आयुर्वेद आरोग्य शिबिर' होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी कामं उरकून तिकडे गेल्या आणि परत आल्या त्या पिशवी घेऊनच. तीन बाटल्या, एक चूर्णाचा डबा, अठराशे रुपये. त्यातले हजार दुसऱ्या एका घरून उसने घेतलेले. नाडी बघायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत म्हणे. वर हे ऐका: "ताई, ते म्हणाले शुगरची गोळी आता सोडली तरी चालेल. ह्यानं मुळापासून जातंय."

मावशी पहाटे साडेचारला उठतात. पोटात सकाळी फक्त चहा, जेवण दुपारी तीनला, तेही उभ्या उभ्या. झोप पाच तास. आयुर्वेदाचं नाव घेऊन बसलेल्या माणसानं यातलं एकही विचारू नये? आहार विचारायचा नाही, झोप विचारायची नाही, मग नाडीवर बोटं ठेवून काय बघितलंत?

मी आयुर्वेद मानणाऱ्यांतली आहे, आणि म्हणूनच इतका संताप होतोय.

मी सहावीत होते तेव्हा आमच्या शाळेत एक वैद्यबाई यायच्या. सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव, शाळेला मागे नुसतं माळरान. मुलगे त्या माळावर जायचे. आम्ही मुली कुठे जाणार? आम्ही पाणीच प्यायचो नाही. सकाळी घरून निघताना प्यायलं तेवढंच, मग थेट घरी गेल्यावर. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप ठरलेलं होतं. वर्गात कुणाला ना कुणाला सारखे उन्हाळे लागलेले असायचे, म्हणजे लघवीला जळजळ. आया धण्याचं पाणी करून द्यायच्या, चार दिवसांनी पुन्हा तेच.

वैद्यबाई आल्या, मुलग्यांना मैदानात पाठवलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "सकाळपासून लघवीला कोण कोण जाऊन आलं?" एक हात वर नाही. मग त्या आमच्यात खाली जमिनीवर बसल्या. शरीराचे तेरा वेग, म्हणजे आतून येणाऱ्या हाका, असतात जे अडवायचे नसतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. लघवी, शौच, वारा, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, दमल्यावर लागणारी धाप, अगदी डोळ्यातलं पाणीसुद्धा. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सूत्रस्थान या पहिल्या भागाचा सातवा अध्याय यानेच सुरू होतो. लघवी अडवली की ओटीपोट दुखतं, जळजळ होते, डोकं दुखतं, सगळं आमच्या भाषेत सांगितलं. "तुम्ही तर तहान आणि लघवी दोन्ही अडवताय गं पोरींनो," म्हणाल्या. आमच्या वर्गातली एक मुलगी तिथेच रडायला लागली. तिला महिनाभर त्रास होता आणि घरी सांगायची लाज.

औषध? एक पुडीसुद्धा दिली नाही. उठल्या आणि थेट हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. आत काय बोलणं झालं माहीत नाही, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मागे मुलींसाठी पत्र्याचा आडोसा करून मुताऱ्या बांधलेल्या होत्या.

याला मी आयुर्वेदाचा प्रसार म्हणते. शास्त्राचं प्रयोजन सांगताना चरकाने आधी निरोगी माणसाचं आरोग्य राखणं सांगितलंय, रोग्याचा रोग बरा करणं त्यानंतर. आणि आपण लोकांपुढे काय घेऊन जातो? बाटली!

हो, वैद्यांनाही पोट आहे, शिबिराच्या मांडवाचा खर्च कुणीतरी करावा लागतो, मान्य. मग शंभर रुपये फी घ्या ना उघडपणे. 'मोफत' लिहून गरिबाच्या खिशातून अठराशे काढू नका. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला या देशात १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. रक्तदाबाचंही तेच. हे हॉल देणाऱ्या आमच्या कमिटीलाही माहीत असायला हवं.

करोनात काय झालं आठवतंय ना? दालचिनी, मिरी, सुंठीचा काढा, भर एप्रिल-मेच्या उन्हात, दिवसातून तीन-चार वेळा, घरादाराला एकच माप. पित्ताच्या माणसालाही तोच आणि कफाच्यालाही तोच. आमच्या इमारतीत निम्म्या लोकांची छाती जळत होती. ऋतू बघा, प्रकृती बघा, हे ज्या शास्त्राचं पहिलं सांगणं, ते शास्त्र लोकांपर्यंत पोचलं ते एका फॉरवर्डमधून. गुळवेलीचंही तसंच. त्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचं काम बघणाऱ्या आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. कोण बरोबर या वादात मी पडत नाही. पण रोज ग्लासभर रस महिनोन्‌महिने प्या, असं कुठल्या जाणत्या वैद्यानं सांगितलं होतं?

आमच्या वैद्यबाई पावसाळ्याच्या तोंडाला यायच्या तेव्हा एवढंच सांगायच्या: पाणी उकळून प्या, जुनं धान्य खा, पोटभर नको, दुपारी झोपू नका, ओल्यात अनवाणी फिरू नका. भाद्रपद संपता संपता यायच्या तेव्हा दही बंद, उन्हात फिरणं कमी, कडू भाज्या पोटात जाऊ द्या. कारली बघून आम्ही तोंडं वाकडी करायचो. पण घरी जाऊन आईला सांगायचो, आणि आई ऐकायची. मुलांच्या तोंडून घरात गेलेली गोष्ट टिकते.

आणि यासाठी नवीन काही उभारायचीही गरज नाही, याचंच वाईट वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळाशाळांतून फिरते. २०१३ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. त्या पथकात आयुषचे डॉक्टर असतात, आपल्याकडे कितीतरी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले. मुलांचे दात, डोळे, हृदय तपासतात, मोलाचं काम आहे. त्यांच्यावर तक्त्यांचा आणि नोंदींचा भार किती असतो तेही माहितीये. तरी वर्गात वीस मिनिटं बसून ऋतूप्रमाणे काय खायचं, लघवी का अडवायची नाही, रात्री मोबाईल बघत जागलं की काय होतं, एवढं बोलायला त्यांना मोकळीक द्या. आजही कितीतरी शाळांत मुली पाणी पीत नाहीत. संडास आहे, पण कडी नाही, पाणी नाही, किंवा किल्ली शिक्षकांच्या टेबलात. कुठल्याही शाळेत जाऊन विचारा. दार लावून विचारा मात्र.

आता जरा शांत झालेय. मावशींना संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. गोळी चालूच ठेवायची हे त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठे पटलं. सकाळच्या चहाबरोबर एक भाकरी खायची आणि दुपारचं जेवण बाराला, एवढं ठरलंय. बाराला त्या ज्या घरी असतात त्या वहिनींशी मी बोललेय, त्या बसून जेवू देणार आहेत.

बाटल्या उद्या परत करायला मी जाणार आहे, पैसे घेतल्याशिवाय हलणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहिलंय की यापुढे आरोग्य शिबिराच्या नावाखाली हॉलमध्ये विक्री होणार असेल तर परवानगी देऊ नका.

माझ्या मित्रयादीत बरेच वैद्य आहात. आमच्या सोसायटीमागच्या महापालिकेच्या शाळेत महिन्यातून एकदा अर्धा तास यायला कोण तयार आहे? मुख्याध्यापिकांशी मी बोलते. मुलींशी बोलायला वैद्यबाई हव्यात. मेसेज करा.