सुट्टीच्या पगारात ओव्हरटाइम? तो मेसेज जिनिंगला लागू नाही

वणी-पांढरकवडा भागात जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत) जाणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतो आहे. ‘रोज ओव्हरटाइम करता ना? मग सुट्टीच्या पगारातही तो धरलाच पाहिजे. २०१४ मध्ये कोर्टाचा निकाल लागला. मागच्या २ वर्षांचे पैसे मागा, ३ महिन्यांत दावा करा, नाहीतर बुडाले. २४० दिवस न भरलेल्या हंगामी माणसाला मात्र काही नाही.’ माझ्या गावातल्या चार जणांनी विचारलं, म्हणून लिहितो.

निकाल खरा आहे, पण ब्रिटनचा. ४ नोव्हेंबर २०१४ ला तिथल्या अपील न्यायाधिकरणाने बेअर स्कॉटलंड कंपनीच्या खटल्यात तो दिला. ती २ वर्षं आणि ते ३ महिनेही तिकडच्याच कायद्यातले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ८० ने सुट्टीच्या पगारातून ओव्हरटाइम स्पष्ट शब्दांत वगळला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता (कायदे) आल्या, त्यांच्याही वेतनाच्या व्याख्येत ओव्हरटाइम भत्ता येत नाही. त्यासाठी अर्ज केला तर हात हलवत परत यावं लागेल.

बुडालेला पैसा दुसरीकडेच आहे. आठवड्याला ४८ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर, हा जुना नियम आणि आजचाही. शेजारच्या काकांनी मला त्यांची वही दाखवली. पानांवर रुईचे तंतू चिकटलेले, प्रत्येक तारखेपुढे ‘१२’. प्रेसवर गठाणी बांधत आठवड्याचे ७२ तास. वरच्या २४ तासांचे पैसे मिळाले, पण साध्या दराने. तासाला ५० रुपये धरले, तरी आठवड्याला १२०० गेले. ‘मुकादम म्हणे, एवढंच भेटते,’ काका म्हणाले. मला फार वाईट वाटलं. ओव्हरटाइमच्या दाव्याला आता ३ महिने नाही, ३ वर्षं आहेत.

मेसेजमधली शेवटची ओळ सगळ्यात घातक. जिनिंग चालते कापूस येतो तेवढे महिने. वर्षात कामाचे २४० दिवस कुठून भरणार? (नव्या संहितेत ते १८० झाले आहेत.) पण ती अट नोकरीत असताना सुट्टी घेण्यासाठी आहे. हंगाम संपला आणि कामावरून कमी केलं, तर दिवस पुरे न भरताही दर २० दिवसांमागे एका दिवसाच्या सुट्टीचा पगार देणं लागतं. १६० दिवस केले असतील, तर ८ दिवसांचा. हे जुन्या कायद्यात होतं, नव्यातही आहे. शेवटचा चुकारा घेताना हा पैसा मागणारा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही, कारण हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

म्हणून भावांनो, हजेरी रोज स्वतःच्या वहीत लिहा, आत गेलेली आणि बाहेर पडलेली वेळ दोन्ही. मिळालेल्या पैशांची चिठ्ठी फेकू नका. काकांची वही आम्ही सोमवारी यवतमाळला कामगार कार्यालयात नेतो आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपापली वही घेऊन यावं.