आपली सभा बसथांब्यावर भरली पाहिजे

गेल्या महिन्यात आमच्या भागातील पदपथांच्या दुरवस्थेबद्दल आम्ही काही रहिवाशांनी एक सभा बोलावली होती. शनिवारी सकाळी अकराची वेळ होती आणि चाळीसेक माणसे आली. चर्चा मनापासून झाली, निवेदनाचा मसुदा ठरला, सह्याही झाल्या. उठता उठता मी विचारले की आज इथे बसने कोण कोण आले आहे. तीन हात वर आले. आमच्या इमारतीत चार घरांची धुणीभांडी करणाऱ्या मावशी, ज्या रोज दोन बस बदलून कामावर येतात आणि ज्यांना या शहराच्या पदपथांबद्दल आम्हा सर्वांपेक्षा जास्त माहिती आहे, त्या वेळी तिसऱ्या घरी भांडी घासत होत्या. सभेची वेळ ठरवताना आम्हांपैकी कोणालाही त्यांची आठवण झाली नव्हती, मलाही नाही.

पुण्यातील पादचारी, सायकल आणि बससाठीच्या नागरिकांच्या चळवळीने काहीच मिळवले नाही, असे मी मुळीच म्हणणार नाही. ‘परिसर’सारख्या संस्था वर्षानुवर्षे चिकाटीने काम करत आल्या आहेत. 2016 मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, 2017 मध्ये सायकल आराखड्याला मंजुरी मिळाली, जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथ झाले आणि 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्यावर पहिला पादचारी दिन साजरा झाला. एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले; त्या गर्दीत मीही होतो आणि टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती ते पौड फाटा रस्त्याला माझा विरोध आजही तितकाच ठाम आहे. मात्र नगर रस्त्यावरील बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेली, मार्गिका आणि थांबे काढून टाकण्याचे काम सुरू झाले, तेव्हा तेवढी माणसे रस्त्यावर आलेली मला दिसली नाहीत. काही अभ्यासू कार्यकर्त्यांनी पत्रे लिहिली, आकडेवारी मांडली; पण बसमधून रोज जाणारा प्रवासी त्या विरोधात सामील नव्हता, कारण त्याला कोणी बोलावलेच नव्हते.

बीआरटीचा इतिहास आपण सर्वांनी नीट समजून घेतला पाहिजे. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातील पहिली बीआरटी पुण्यात सुरू झाली. मार्गिका रस्त्याच्या मध्यभागी होती आणि तिथवर पोहोचण्यासाठी प्रवाशाला धावत्या वाहनांमधून वाट काढावी लागत होती. सुरक्षित ओलांडणी, सलग मार्गिका आणि तिच्यात घुसणाऱ्या खासगी वाहनांवरील कारवाई, या तिन्ही गोष्टी अपुऱ्या राहिल्या. अर्धवट केलेल्या कामाचा दोष बसला मिळाला. 2015 पासून संगमवाडी–विश्रांतवाडीसारखे मार्ग अधिक विचारपूर्वक उभारले गेले, तरीही मनात बसलेली अढी गेली नाही. एका बसमध्ये साठ माणसे असतात आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मोटारीत बहुतेक वेळा एकच. असे असताना रस्ता रुंद करायचा म्हणून बसची जागा काढून घेतली जाते, तेव्हा ती प्रत्यक्षात साठ माणसांकडून काढून एका माणसाला दिली जाते. माणसांची ने-आण महत्त्वाची, वाहनांची नव्हे, हे तत्त्व केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात 2006 पासून लिहिलेले आहे.

आता बसगाड्यांच्या संख्येकडे येतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या निकषानुसार चांगल्या सेवेसाठी एक लाख लोकसंख्येमागे 60 बसगाड्या असाव्यात. 2011 च्या जनगणनेनुसार पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मिळून लोकसंख्या सुमारे साडेअठ्ठेचाळीस लाख होती, म्हणजे त्या वेळीच सुमारे 2,900 बसगाड्या हव्या होत्या. त्यानंतर शहर चहूबाजूंनी वाढले, गावे समाविष्ट झाली, आणि पीएमपीचा, म्हणजे या दोन्ही शहरांच्या बससेवेचा, ताफा मात्र दोन हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला. मेट्रो आली, तिचे मी स्वागतच करतो. पण मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंत नेणारी बस मिळणार नसेल, तर मेट्रोसुद्धा स्थानकाजवळ राहणाऱ्यांपुरतीच उरते.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि आपल्या सभांमध्ये सर्वांत कमी बोलला जाणारा, मुद्दा भाड्याचा आहे. 1 जून 2025 पासून पीएमपीचे किमान तिकीट 5 रुपयांवरून 10 रुपये झाले आणि मासिक पास 900 वरून 1,500 रुपये झाला. घरातील तीन माणसे रोज बसने जात असतील, तर महिन्याला 4,500 रुपये झाले. एवढ्या पैशांत दुचाकीचा हप्ता भरून पेट्रोलसाठीही काही उरते, हा हिशेब प्रत्येक कष्टकरी कुटुंब करते, आणि त्या कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर तो हिशेब बरोबरच आहे. पण 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीवरील माणसांचे प्रमाण जवळजवळ 45 टक्के होते, तर पादचारी 32 हजारांहून अधिक होते. बसमधून उतरून दुचाकीवर बसणारा प्रत्येक माणूस स्वतः अधिक धोक्यात जातो, चालणाऱ्यांचा धोका वाढवतो आणि हवेत धूर सोडणारे आणखी एक वाहन रस्त्यावर आणतो. तिकिटाच्या दराचा प्रश्न आपण गरिबीचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवतो. वस्तुतः सुरक्षितता आणि हवा हे दोन्ही प्रश्न त्याच तिकिटाला बांधलेले आहेत. म्हणून पादचाऱ्यांसाठी किंवा टेकड्यांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक गटाच्या मागणीपत्रात बसभाड्याची मागणी असली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसचा प्रवासी हा दोन्ही टोकांना पादचारी असतो, त्यामुळे पदपथाचे कामसुद्धा बसथांब्यापासून सुरू व्हावे. सभेनंतरच्या रविवारी आम्ही चौघांनी मोजपट्टी घेऊन आमच्या थांब्यापर्यंतचा रस्ता मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी असावी आणि पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. निम्म्याहून अधिक अंतरात आम्हाला ती रुंदी मिळाली नाही. कुठे विजेची डीपी, कुठे दुकानाच्या पायऱ्या, कुठे उभ्या केलेल्या दुचाकी. एका ठिकाणी पदपथ गुडघ्याच्या उंचीला आला होता आणि तिथे आमच्यासमोर एक आजी पिशवी आधी वर ठेवून, मग हात टेकून चढल्या. पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटले आहे, पण ते त्या पायरीपर्यंत पोहोचलेले नाही. भाजी विकणाऱ्या बाईंची पाटी मात्र आम्ही अडथळ्यांच्या यादीत धरली नाही, कारण तिच्या शेजारून आरामात जाता येत होते आणि संध्याकाळी त्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्या मुलींना तिची सोबत असते. याबाबत आमच्यात मतभेद झाले, ते अजून मिटलेले नाहीत.

मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होता आणि प्रश्न विचारायला प्रभागात नगरसेवकच नव्हता. तेव्हाही अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची सोय होती. पुण्यात ती 2006-07 पासून आहे. तो अर्ज भरणारे बहुतेक आपल्यासारखेच असतात आणि म्हणून बाके, कमानी, सुशोभीकरण यांची कामे अधिक सुचवली जातात. या वेळी आमच्या गटाने ठरवले आहे की अर्जात काय लिहायचे, हे थांब्यावरच्या माणसांनी सांगावे.

त्यासाठी येत्या शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत, कामावरून परतणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा, आम्ही आमच्या थांब्यावर वह्या घेऊन उभे राहणार आहोत. कोणत्या क्रमांकाच्या बससाठी किती वेळ थांबावे लागले, घरापासून थांब्यापर्यंत कुठे भीती वाटते आणि महिन्याला प्रवासावर किती खर्च होतो, एवढेच विचारायचे आहे. बस आली की बोलणे अर्धे सोडून माणूस जाईल, त्याला जाऊ द्यायचे आहे. मावशींनी सांगितले आहे की त्यांची परतीची बस साधारण सव्वासातला येते, तेव्हा त्यांच्यापासूनच सुरुवात करू. तुमच्या घराजवळच्या थांब्यावर कोणी असे उभे राहणार असेल तर खाली लिहा, म्हणजे प्रश्न सारखे ठेवता येतील आणि दोन थांब्यांची उत्तरे शेजारी ठेवून पाहता येतील.