टॉवरला इंटरनेट कुठून येतं?

आमच्या गावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर गेल्या दोन महिन्यांत तीनदा आला. पाठवणारे तिघे वेगळे, मजकूर तोच. थोडक्यात असा: "सरकारने गावोगाव रस्ते खणून केबल पुरली, हजारो कोटी मातीत घातले. आता 5जी आलं, स्टारलिंक येतंय, मोबाईलवर रोज दीड जीबी मिळतं. केबल हवी कुणाला? केरळने सगळ्यांना फुकट इंटरनेट दिलं. आपल्याकडे एकाही ग्रामपंचायतीत नेट चालत नाही. तेवढ्या पैशात शाळा बांधून झाल्या असत्या." शेवटी नेहमीप्रमाणे, पटलं तर पुढे पाठवा.

मला पटलं नाही. चरात उतरून फायबरचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या केबलचे, जॉइंट मारण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे या विषयावर माझं डोकं जरा लवकर तापतं, हे आधीच कबूल करतो. मजकुरातला एक मुद्दा बराचसा खरा आहे. तो शेवटी घेतो, कारण त्यावर बोलण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

"5जी आलं, केबल हवी कुणाला?" तर पहिली गरजू 5जीच आहे. आपला फोन हवेतून बोलतो तो फक्त जवळच्या टॉवरपर्यंत. टॉवरपासून पुढे ते सगळं न्यायचं कसं? मुख्य रस्ते दोनच. एक म्हणजे टॉवरवर दिसणारी ढोलासारखी पांढरी गोल तबकडी, ती दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून सूक्ष्मलहरींनी माहिती पाठवते. दुसरा म्हणजे टॉवरच्या पायथ्याशी येणारी फायबर केबल. नुसतं बोलणं आणि मेसेज होते तोवर तबकडीवर भागलं. 4जीला ती संध्याकाळच्या गर्दीत अपुरी पडायला लागली. 5जीच्या टॉवरला फायबर नसेल तर चार पदरी रस्ता बांधून तो बैलगाडीच्या वाटेला जोडल्यासारखं होतं. फोनवर 5जीची खूण दिसते, रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि रात्री नऊला रील जागच्या जागी गोल फिरत राहतं. अनेकांना हा अनुभव आहे, पण दोष कुठे आहे ते माहीत नसतं.

केंद्राच्या राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनने डिसेंबर 2019 मध्ये उद्दिष्ट ठरवलं होतं की देशातले 70 टक्के टॉवर फायबरला जोडायचे. 1 ऑक्टोबर 2022 ला 5जीचं उद्घाटन झालं, तरी निम्मेसुद्धा टॉवर जोडलेले नव्हते. मजकुरातली ती गावोगाव पुरलेली केबल म्हणजे भारतनेट, ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची केंद्राची योजना. तिच्या केबलमध्ये साधारण 24 तंतू असतात, त्यातला एखाददुसरा पंचायतीच्या जोडणीला लागतो. उरलेले कंपन्यांना भाड्याने देता येतात आणि टॉवरला फायबर मिळतं ते अशा वाटेनेही. तेव्हा केबल विरुद्ध 5जी असा सामना लावणं म्हणजे विहीर आणि पोहरा यांच्यात भांडण लावणं झालं.

दीड जीबीचा हिशेब सोपा आहे. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा रिचार्ज 239 वरून 299 रुपयांवर गेला. म्हणजे 42 जीबी, तेही एका फोनला. घरात चार फोन असतील तर चार रिचार्ज. केरळ सरकारच्या केफोन या फायबर इंटरनेट योजनेचा सुरुवातीचा प्लॅनही 299 रुपयांचाच होता, वर जीएसटी. त्यात 20 एमबीपीएस वेग, महिन्याला 3000 जीबी आणि सगळ्या घराला मिळून एकच बिल. मोबाईल डेटा स्वस्त आहे हे खरं, पण एकट्या माणसाला. शिवाय गावात इंटरनेट फक्त बघायला लागत नाही, पाठवायलाही लागतं. सेवा केंद्रातला मुलगा दिवसभर सातबारे, दाखले, फोटो आणि अर्ज अपलोड करत असतो. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, ई-केवायसी, आरोग्य केंद्रातून शहरातल्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलणं, यातलं कुठलंच काम रोजचा कोटा मोजून होत नाही.

स्टारलिंकबद्दल, म्हणजे उपग्रहातून इंटरनेट देणाऱ्या कंपनीबद्दल, मला आकस नाही. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांच्याबरोबर आशयपत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम हे जिल्हे त्यात आहेत. भामरागडच्या आतल्या पाड्यांवर किंवा धडगावच्या डोंगरात केबल नेण्यापेक्षा छपरावर तबकडी बसवणं कधी कधी शहाणपणाचंच असतं. भारतनेटमध्येही पाच हजारांहून जास्त ग्रामपंचायती उपग्रहाने जोडण्याची सोय आधीपासून आहे. पण उपग्रहाने केबलची गरज संपते म्हणणाऱ्यांनी एक आकडा बघावा. केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्र्यांनीच जुलै 2025 मध्ये सांगितलं की स्टारलिंकला देशभरात मिळून 20 लाख ग्राहकच घेता येतील. 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात ग्रामीण कुटुंबं 1 कोटी 30 लाख होती. सगळा देश बाजूला ठेवून सगळ्या जोडण्या आपल्यालाच दिल्या, तरी साडेसहा घरांमागे एक. आणि उपग्रहावरून आलेली माहिती जमिनीवरच्या ज्या गेटवेला, म्हणजे स्थानकाला, उतरते, तिथून पुढे ती फायबरमधूनच जाते. परदेशातून भारतात येणारं जवळपास सगळं इंटरनेटसुद्धा समुद्राच्या तळावरच्या केबलमधून येतं आणि त्यातल्या कित्येक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. आकाशातून येतं अशी आपली समजूत आहे, इतकंच.

आता केरळ. केफोनचं उद्घाटन 5 जून 2023 ला झालं, खर्च सुमारे 1,548 कोटी. फुकट जोडणीचं उद्दिष्ट होतं दारिद्र्यरेषेखालच्या 20 लाख कुटुंबांसाठी आणि पहिल्या टप्प्यात ठरवली 14 हजार घरं, प्रत्येक विधानसभा मतदारसंघात 100. बाकीच्यांना पैसे मोजावे लागतात. 'सगळ्यांना फुकट' हे कुणीतरी वाटेत जोडलं.

केरळकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मजकुरात नाही. केफोनमध्ये वीज मंडळ 49 टक्क्यांचं भागीदार आहे. त्यांनी केबल बहुतांशी विजेच्या मनोऱ्यांवरून आणि खांबांवरून नेली. चर नाही, रस्त्याची परवानगी नाही, खणाखणी नाही. आंध्रनेही सुरुवातीला 149 रुपयांत इंटरनेट, टीव्ही आणि फोन देणारी योजना खांबांवरूनच उभी केली. आपण हे जसंच्या तसं उचलावं का? विदर्भ-मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी चालेल असं मला वाटतं. कोकणात मी दहादा विचार करीन. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यात खांब काड्यांसारखे आडवे झाले आणि काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. खांबावर फायबर असतं तर खांबाबरोबर तेही पडलं असतं.

"तेवढ्या पैशात शाळा." नसत्या झाल्या. भारतनेटचा पैसा मुख्यतः युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंडातून येतो, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या 5 टक्के रक्कम त्यात जमा होते आणि तो खर्चायचा दूरसंचार जिथे परवडत नाही तिथे पोचवायला, असं कायद्यातच आहे. कंपन्या तो बोजा शेवटी आपल्याच रिचार्जमध्ये घालतात, म्हणजे एका अर्थी गावातल्या माणसाने गावाच्या केबलचे पैसे आधीच भरलेत. मग त्याने केबल मागायची की शाळा मागून केबल सोडून द्यायची? शाळा शिक्षण खात्याकडे मागू. मीही येतो बरोबर.

राहिला तो बराचसा खरा मुद्दा. 'एकाही ग्रामपंचायतीत चालत नाही' यातलं 'एकाही' चूक आहे, माझ्या बहिणीच्या गावात पंचायतीची लिंक चालते आणि सेवा केंद्र त्यावरच आहे. पण मी स्वतः अशा पंचायती पाहिल्यात जिथे केबल येऊन लागते तो इंटरनेटचा डबा भिंतीवर आहे, त्याच्यावर कोळ्याचं जाळं आहे, आणि ग्रामसेवक शेजारीच बसून स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दाखले काढतोय. लोक चिडतात ते उगीच नाही.

असं का झालं ते बघू. केंद्राने ऑक्टोबर 2011 मध्ये आजच्या भारतनेटची योजना मंजूर केली तेव्हा मुदत होती दोन वर्षांची. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून पंचायतीपर्यंत बीएसएनएलची जुनी केबल जिथपर्यंत असेल तिथपर्यंत ती वापरायची आणि उरलेल्या अंतरात नवी टाकायची, असा काटकसरीचा आराखडा होता. कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात जुन्या केबलला नवी जोडली, जॉइंटवर जॉइंट वाढले आणि रचना झाडाच्या फांदीसारखी झाली: बुंध्याजवळ तुटलं की पुढची सगळी गावं गेली. दुसऱ्या टप्प्यात, 2017 मध्ये, केंद्राने महाराष्ट्रासह आठ राज्यांना आपापलं काम आपण करायला दिलं. आपल्याकडे ते राज्य सरकारच्या महाआयटी या कंपनीकडे आलं आणि त्याचं नाव महानेट. राज्यातल्या सुमारे 28 हजार ग्रामपंचायतींपैकी साडेबारा हजारांच्या आसपास त्यात आल्या.

केबल पुरायची खोली ठरलेली होती 165 सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या आत-बाहेर. काळ्या मातीत ते जमतं. सह्याद्रीत दोन फुटांवर कातळ लागतो, मग मोजमाप वहीत एक आणि जमिनीत एक असं होतं. मी असे चर पाहिलेत, म्हणून सांगतो. त्यानंतर रस्ता रुंदीकरण येतं, नळयोजनेचा पाइप येतो आणि जेसीबीच्या एका फटक्यात केबल वर येते. खणण्याआधी कळवा म्हणून केंद्राने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलं. आमच्या भागातल्या एकाही जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये मला ते अजून दिसलेलं नाही. तुटलेला तंतू जोडणं हे तासा-दोन तासांचं काम असतं: ओटीडीआर हे यंत्र लावून तुटलेल्या जागेचं अंतर मोजायचं, खणायचं, स्प्लायसिंग म्हणजे तंतूची टोकं जोडायचं काम करायचं. महिने जातात ते हे काम कुणाचं, हे ठरवण्यात. पंचायत म्हणते केबल टाकणाऱ्या एजन्सीचं, एजन्सी म्हणते वरच्यांचं, वरचे म्हणतात रस्त्याच्या ठेकेदाराने भरून द्यावं.

म्हणजे बिघाड फायबरमध्ये नव्हता, देखभालीचा पैसा आणि जबाबदारी कुठेच नीट लिहिलेली नव्हती त्यात होता. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1,39,579 कोटींच्या सुधारित भारतनेटमध्ये निदान कागदावर हे ओळखलंय. फांदीऐवजी वर्तुळाकार जाळं, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू. टाकणाऱ्यानेच 10 वर्षं चालवायचं, आणि पैसे लिंक किती वेळ चालू राहिली त्यावर. कागदावर, हे पुन्हा सांगतो. माझा जास्त विश्वास आहे तो गावातल्या पोरांना कमाईत वाटा देऊन घरोघरी जोडण्या द्यायच्या पद्धतीवर. लिंक गेली की त्या पोराची महिन्याची कमाई अडकते, म्हणून तो रात्री आठलाही फोन उचलतो.

ज्यांनी तो मजकूर पाठवला त्यांना माझं एकच सांगणं आहे. पंचायतीत जाऊन त्या डब्याकडे बघा. सगळेच दिवे बंद असतील तर वीज नाही किंवा बॅटरी मेलीय, ते काम पंचायतीच्या पातळीवर सुटतं. एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर वीज आहे पण वाटेत केबल तुटलीय, त्याची तक्रार वेगळीकडे जाते. येत्या ग्रामसभेत विचारा की डबा शेवटचा कधी चालू होता, तक्रार केली का, तिचा नंबर काय. त्या नंबरचा फोटो काढून ग्रुपवर टाका. तो मी पुढे पाठवीन.